मेलेल्यांचं शुद्धलेखन

बंद पडलेल्या टॉकीजपुढे सहा वर्षांनी रांग लागली होती, आणि तीही सिनेमासाठी नव्हे. औषधाच्या दुकानापासून निघालेली रांग तिकिटाच्या खिडकीला वळसा घालून मागच्या सायकलस्टँडपर्यंत गेली होती. जवळपास प्रत्येकाच्या हातात फोटो होता. कुणाचा फ्रेममधला, कुणाचा ओळखपत्रावरून कापून काढलेला. फोटो लागत नाही असं दारावर लिहिलेलं होतं, तरी लोकांनी आणले होते.

आत, फाटक्या पडद्यापुढे एक माणूस उभा होता. ना दाढी, ना कफनी. पांढरा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, गळ्याशी बोटभर माइक. लोक त्याला निरोपबाबा म्हणत.

"मी कोणी नाही हो," तो सुरुवातीलाच हात जोडून सांगायचा. "मी पोस्टमन. पत्र तुमच्या माणसाचं, मी फक्त दार वाजवतो. शरीर संपतं. पण शब्द? शब्द म्हणजे कंपन! आणि कंपन कधी मरत नाही, हे आता विज्ञानानेही मान्य केलंय!"

कुठल्या विज्ञानाने आणि कधी, हे तो सांगत नसे. विज्ञान त्याच्या बोलण्यात बड्या नातेवाइकासारखं यायचं. थाट मोठा, पत्ता नाही.

पण पुढचं मात्र चक्रावून टाकणारं होतं. तो डोळे मिटायचा, कपाळाला दोन बोटं लावायचा आणि समोर बसलेल्या बाईला तिच्या तीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईचं टोपणनाव सांगायचा. म्हाताऱ्याला त्याच्या मुलाच्या सायकलचा रंग सांगायचा. सभागृहातून हुंदका यायचा, मग टाळ्या. बाजूला बसलेली मदतनीस बाई निरोप सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवून हातात द्यायची. कागद घेऊन लोक तो कपाळाला लावत.

पाचव्या रांगेत सूचीताई आपल्या वहिनीशेजारी हाताची घडी घालून बसली होती. ती गावच्या ग्रंथालयात नोकरीला होती आणि सूची करणं हाच तिचा धंदा, म्हणून सगळं गाव तिला सूचीताई म्हणत असे. असल्या जागी ती कधीच आली नसती. पण वहिनीला एकटं सोडवत नव्हतं. वहिनीच्या छातीत गाठ निघाली होती. सर्जनबाईंनी तपासणी करून स्पष्ट सांगितलं होतं, "महिन्याच्या आत काढायची. घाबरू नका, पण थांबूही नका." तारीखही दिली होती. आणि तारीख अकरा दिवसांवर आली असताना वहिनीने टॉकीजचा अर्ज भरला होता.

"त्याला एकदा विचारू दे," एवढंच ती म्हणाली होती. तो म्हणजे सूचीताईचा दादा. कागद कारखान्यात बॉयलर फुटला तेव्हा गेला. त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

वहिनीचं नाव पुकारलं गेलं. ती पुढे जाऊन खुर्चीत बसली. बाबाने डोळे मिटले.

"वाफ... खूप वाफ दिसतेय. तो बाहेर आला होता. सुखरूप बाहेर आला होता! मग परत आत का गेला? दोघं... दोघं आत अडकलेत, म्हणून गेला. बरोबर?"

वहिनीने मान हलवली.

"गळ्याभोवती काहीतरी निळं. मफलर. तुम्ही विणलेला. त्यावरूनच ओळखलं त्याला."

वहिनीच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. सूचीताईच्या अंगावरही काटा आला. दादाला ओळखायला त्यांचे वडील एकटेच गेले होते. मफलरबद्दल त्यांनी घरात एकदाच, दार लावून सांगितलं होतं. वडीलही आता नव्हते. मग याला कसं कळलं?

"तो म्हणतोय, रडू नकोस. म्हणतोय, मी तुझा धारू बोलतोय."

वहिनीने मान वर केली. "घारू. त्याचे डोळे घारे होते, म्हणून सगळे घारू म्हणायचे."

"धारू," बाबा डोळे न उघडता ठामपणे म्हणाला. "तिकडे गेल्यावर उच्चार वितळतो, ताई. कठीण अक्षरं राहत नाहीत. त्याच्या प्रेमाचा अर्थ घ्या, अक्षर धरून बसू नका." सभागृहाने माना डोलावल्या. "आणि तो म्हणतोय, शरीराला पातं लावू देऊ नकोस. जे वाढलंय ते शब्दांनीच विरघळेल."

शब्दांनी विरघळवायची सोय टॉकीजच्या बाहेरच्या टेबलावर होती. चाळीस दिवसांचा अक्षरोपचार: अक्षरं लिहिलेली कापडी पट्टी गाठीवर बांधायची. पैसे पाकिटात घालून द्यायचे, मोजून नाही, कारण मोजल्याने म्हणे कंपन बिघडतं.

वहिनीने पट्टी घेतली. दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली.

* * *

सूचीताईचं काम ग्रंथालयाच्या तळघरात चालायचं. गावात पूर्वी एक साप्ताहिक निघत असे. चव्वेचाळीस वर्षं निघालं आणि पंधरा वर्षांपूर्वी बंद पडलं. त्याचे गठ्ठे वाळवीच्या तोंडातून वाचवून तिने एकेक पान यंत्रावर ठेवून त्याचं छायाचित्र घेतलं होतं. मग छायाचित्रातली अक्षरं संगणकाकडून वाचून घेतली होती, आणि त्या मजकुरात शोध घेता येईल असं एक साधन स्वतः लिहून काढलं होतं. चार वर्षं लागली. त्यात गावातल्या माणसांची वेगळी सूचीही होती. नाव टाका, की त्या माणसाबद्दल कधी, कोणत्या पानावर, काय छापलं होतं ते समोर. टोपणनाव, धंदा, नातेवाईक, सगळं संगणकाने आपोआप जोडलेलं. कुणीही घरबसल्या पाहावं म्हणून तिने ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. वेगवेगळ्या गावांतून अभ्यासकांची आभाराची पत्रं यायची, ती तिने भिंतीवर लावली होती.

वहिनीने फोन केल्याचं कळलं त्या दुपारी ती डबा न उघडता नुसती बसून राहिली. तिला एकच गोष्ट टोचत होती. उच्चार वितळतो म्हणे! पण मग "घाबरू नकोस" हे शब्द त्याच बाबाने त्याच दुपारी चार मेलेल्यांच्या तोंडून खणखणीत उच्चारले होते. तिथला घ का नाही वितळला? फक्त दादाच्या नावातलाच का?

हे साधन तयार झालं तेव्हा पहिल्याच दिवशी तिने धीर करून "घारू" हा शब्द शोधला होता. काही सापडलं नाही. तिला तेव्हा हायसंच वाटलं होतं. दादा गेला तेव्हा ती परगावी शिकत होती, पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेव्हाच्या बातम्या तिने वाचल्या नव्हत्या, आणि गठ्ठ्यातला तो अंक यंत्रावर ठेवतानाही तिने मान वळवली होती.

आता तिने शोधाच्या चौकटीत "धारू" टाकलं.

चव्वेचाळीस वर्षांच्या मजकुरात तो शब्द बरोबर एकदा होता. तिने पान उघडलं. "कारखान्यातील भीषण दुर्घटना." खाली दादाचा धूसर फोटो. बाहेर येऊन दोघा सहकाऱ्यांसाठी परत आत गेल्याची हकिकत. पत्नीने विणलेल्या निळ्या मफलरवरून ओळख पटल्याची ओळ; वडिलांनी पोलिसांना सांगितलेलं बातमीदारापर्यंत पोहोचलं असणार. आणि शेवटी: मित्रमंडळीत 'घारू' या नावाने लोकप्रिय. छापील पानावर घ होता, पण त्याच्या डोक्यावरची रेघ तुटलेली होती. यंत्राने त्याला ध वाचलं होतं.

वाचता वाचता तिचे डोळे भरून आले. ते पुसून होईपर्यंत तिथे राग येऊन बसला. धारू हा शब्द जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. ना भाषेत, ना घरात, ना छापील कागदावर. तो फक्त तिच्या यंत्राच्या चुकीत होता. दादाच्या आत्म्याने तिचं साधन वाचलं नव्हतं. वाचलं होतं ते त्या भामट्याने.

तिने पाच-सहा ओळखीच्या घरांतून निरोपांचे कागद मागून आणले आणि ते मजकुराशी ताडून पाहणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. दोन दिवसांत चित्र स्वच्छ झालं. बाबाचा माणूस आदल्या दिवशीच अर्ज भरून घ्यायचा. कंपनं जुळवायला म्हणे एक दिवस लागतो. अर्जात ज्याचा निरोप हवा त्याचं नाव, नातं, मृत्यूची तारीख आणि "सध्याची चिंता" असे रकाने होते. नाव सूचीत शोधायचं, जुनी बातमी काढायची, चिंतेवर आपलाच उपाय मृताच्या तोंडून सांगायचा. वाचताना नेहमीच्या शब्दांतल्या चुका कळायच्या, त्या तो दुरुस्त करायचा. "धाबरू" दिसलं तर कुणीही "घाबरू" वाचेल. पण टोपणनाव दुरुस्त कसं करणार? घारू की धारू, हे परक्या माणसाला कसं कळणार?

ती कागद घेऊन वहिनीकडे गेली. वहिनीने छापील पान पाहिलं, फोटोवरून बोट फिरवलं आणि पान परत केलं.

"मग?" ती म्हणाली. "खरं होतं म्हणून पेपरात आलं. खरं आहे म्हणून तो बोलला."

"अगं, तो इथून वाचून बोलतोय!"

"तुझ्या यंत्राला चार वर्षांत दादा सापडला नाही. त्याला सापडला. त्याचाच राग आलाय तुला."

"वहिनी, गाठ वाढतेय. पट्टी सोड, सर्जनबाईंना फोन कर. मी येते बरोबर."

"तुला काय माहीत आम्हा दोघांचं!" वहिनीचा आवाज चढला. "तुला नको असेल त्याचा निरोप. मला हवाय. जा आता."

आणि तिने नणंदेला खरोखरच दाराबाहेर काढलं.

* * *

ग्रंथपालांनीही झटकून टाकलं. "टॉकीजचा मालक आपल्या समितीवर आहे, सूचीताई. कशाला नसती भानगड? फार वाटत असेल तर ते साधन महिनाभर बंद ठेवा."

"साधन बंद करून काय होईल? तो दुसऱ्या गावात दुसरं शोधेल."

"मग नोंदी पाहा की. कुणी काय शोधलं ते कळतं ना तुम्हाला?"

"कळतं. पण वाचक काय वाचतो ते बाहेर सांगायचं नाही, हा नियम तुम्हीच मला शिकवलात. भामट्यासाठी मोडला तर उद्या कुणासाठीही मोडेल."

ग्रंथपाल कपाटाची किल्ली शोधू लागले, म्हणजे बोलणं संपलं.

तिथून ती थेट खिळेकाकांकडे गेली. काका साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळी लावण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. आता ते आणि काकू गावाबाहेरच्या दोन खोल्यांत राहत. तुटका घ पाहून काका खुशीत आले.

"हा घ मी ओळखतो! तीनदा सांगितलं संपादकांना, नवे खिळे मागवा. घ ची रेघ तुटलेली, आणि भ मध्ये शाई भरून फट बुजायची. म्हणजे झाला म. तुझं यंत्र तरी काय करणार? माझा मृत्युलेख छापला तेव्हाही हाच घोळ."

"तुमचा काय छापला?"

"तुला माहीत नाही?" काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली होती आणि अजूनही त्या समोरच्याकडे फळ्यापुढे उभं केल्यासारखं बघत. "बस दरीत गेली होती. यांचं तिकीट काढलेलं होतं, पण बस चुकली. हे पुढच्या गाडीने माझ्या माहेरी पोहोचले आणि इकडे संपादकांनी यादीत नाव बघून अर्धं पान लिहून टाकलं."

"मी परत येऊन वाचतो तर काय, शुद्धलेखनाच्या सात चुका!" काका म्हणाले. "जुळवायला मी नव्हतो ना. पुढच्या अंकात खुलासा आला, एका ओळीचा."

सूचीताई ताठ बसली. तो पुढचा अंक तिच्याकडे नव्हता. त्या महिन्याच्या गठ्ठ्याचा वाळवीने भुगा केला होता. मृत्युलेखाचं पान मात्र होतं.

"काका, तुमचं टोपणनाव काय होतं?"

"भुऱ्या. केस भुरे होते माझे. होते तेव्हा."

तिने तिथेच फोनवर शोधलं. यंत्राने वाचलं होतं: मुऱ्या.

सूचीताईने फोन दोघांपुढे धरला. बाबाला हेच पान मिळणार होतं, खुलासा नाही. मग काकूंनी ओल्या हाताने पदर सरळ केला. "अर्ज कुठे मिळतो? पण सांगून ठेवते, मी खोटं लिहिणार नाही."

"एक अक्षरही नको," सूचीताई म्हणाली.

आणि काकूंनी लिहिलं नाही. अर्जात त्यांनी नवऱ्याचं नाव लिहिलं, नातं लिहिलं. "सध्याची चिंता" या रकान्यात लिहिलं: "यांचं ऐकू येणं कमी झालं आहे." मृत्यूची तारीख विचारणारा रकाना कोरा सोडला.

* * *

शनिवारी टॉकीज खचाखच भरली होती. वहिनी तिसऱ्या रांगेत होती. ब्लाउजच्या खाली बांधलेली पट्टी सूचीताईला मागूनही जाणवत होती. खिळेकाका शेवटच्या रांगेत, टोपी कपाळावर ओढून बसले होते.

काकू खुर्चीत जाऊन बसल्या. बाबाने कपाळाला बोटं लावली.

"वळण... डोंगरातलं वळण दिसतंय. मोठी गाडी. बस. ताई, तुम्ही त्या दिवशी माहेरी होतात."

"होते."

"त्याच्या बोटांना शिशाचा वास येतोय. अक्षरं... अक्षरांचं काम करायचा तो!"

"करायचे."

"डावा पाय. पायावर जड पेटी पडली होती. करंगळी..."

"गेली, हो."

टाळ्या पडल्या. मागच्या काही रांगांत मात्र कुजबुज सुरू झाली होती. काकांना ओळखणारे दोघं-चौघं माना वळवून बघत होते. बाबाला ती कुजबुज भक्तीची वाटली. त्याचा आवाज ओलावला.

"तो म्हणतोय, मी तुझा मुऱ्या बोलतोय. इथे शांत आहे. इथे वेदना नाही. म्हणतोय, तुझ्या कानांची काळजी करू नकोस. अक्षरांची पट्टी बांध, पुन्हा माझी हाक ऐकू येईल."

"माझे कान ठणठणीत आहेत," काकू म्हणाल्या. "यांचे गेलेत. आणि नाव मुऱ्या नाही, भुऱ्या. काय हो, ऐकलंत का? तुम्ही शांत आहात म्हणे!"

"काय म्हणतेस?" मागून खिळेकाका ओरडले. ते उभे राहिले, टोपी काढली आणि लंगडत मधल्या वाटेने पुढे येऊ लागले. "जरा मोठ्याने बोल! हा माणूस काय सांगतोय मी मेल्यावर?"

क्षणभर कुणालाच काही उमगेना. मग मागच्या रांगांतून हशा फुटला आणि पुढे पुढे सरकत आला. पण तो तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचला नाही. तिथे फोटो घेऊन बसलेली माणसं होती.

बाबा कसलेला होता. दोन श्वासांत सावरला. "विरोधी कंपन!" त्याने बोट रोखलं. "कुणीतरी आज इथे विष घेऊन आलंय! मृतांची थट्टा चाललीय!"

सूचीताई उठून पुढे गेली. तिने आणलेल्या प्रती ओळखीच्या वाचकांनी एव्हाना रांगारांगांतून फिरवायला सुरुवात केली होती. डावीकडे जुन्या पानाचं छायाचित्र, उजवीकडे यंत्राने वाचलेला मजकूर, खाली बाबाने दिलेला निरोप. सहा निरोप, सहा पानं.

"वाचून बघा," ती म्हणाली. "छापलंय भुऱ्या, माझ्या यंत्राने चुकून वाचलं मुऱ्या, आणि हे म्हणाले मुऱ्या. छापलंय घारू, यंत्राने वाचलं धारू, आणि माझा भाऊ म्हणे स्वतःला धारू म्हणतो. मेलेली माणसं माझ्या संगणकाच्या चुका कशा करतील? तुम्ही आदल्या दिवशी अर्जात नाव लिहिता. हे ग्रंथालयाच्या साधनात ते नाव शोधतात. काका जिवंत आहेत हे यांना कळलं नाही, कारण खुलाशाचा अंक वाळवीने खाल्ला. एवढंच आहे यांचं कंपन."

"म्हणजे हे सगळं तू पुरवलंस!" कुणीतरी ओरडलं.

"ऐकलंत?" बाबाने लगेच ते झेललं. "मेलेल्यांचे शब्द गोळा करून पेट्यांत भरते ही बाई! हिनेच तुमच्या घरातलं गुपित चव्हाट्यावर मांडलं!"

सभागृह उसळलं. "बाहेर काढा तिला!" "माझ्या आईचा निरोप खोटा म्हणतेस?" कुणीतरी चुरगळलेला कागद तिच्या अंगावर फेकला. एका बाईने तिचा दंड धरून हिसडा दिला.

"हो, माझ्याच साधनातून गेलं," सूचीताई म्हणाली. ती मागे हटली नाही. "त्याची मला लाज वाटतेय. ते सगळ्यांसाठी खुलं आहे, तुम्हीही उघडून वाचा. यांनी वाचलं आणि तुम्हाला विकलं. त्यात स्वतःची भर घालून. 'पातं लावू देऊ नकोस' हे पेपरात नव्हतं. ते यांचं. ते कुणाच्या जिवावर बेतेल, याची यांना काही पडलेली नाही."

त्या गोंधळात तिसऱ्या रांगेतून वहिनी उठली. तिने हात वर केला, शाळेत करतात तसा. तिला पाहून आजूबाजूचे गप्प झाले.

"मला एक विचारायचंय," ती बाबाला म्हणाली. "जे पेपरात नाही ते. त्या दिवशी सकाळी घरातून निघताना तो मला काय म्हणाला?"

बाबाने डोळे मिटले. बोटं कपाळाला लागायला वेळ लागला. "तो म्हणाला... सांभाळ. संध्याकाळी लवकर येतो. प्रेमाने म्हणाला. मागे वळून हात केला त्याने."

वहिनी रांगेतून बाहेर येऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"आमचं भांडण झालं होतं," ती म्हणाली. "मी तोंडाला येईल ते बोलले होते. तो एक शब्द न बोलता गेला. मागे वळून बघितलंही नाही त्याने. एकोणीस वर्षं मी एवढ्यासाठी तडफडतेय की त्याने मला माफ केलं असेल का. तू सांगशील म्हणून आले होते. तू सांगितलंस ते ऐकून मी रात्रभर सुखाने झोपलेसुद्धा." तिचा हात ब्लाउजच्या गळ्याशी गेला. पट्टी सोडवून तिने ती बाबाच्या पायाशी टाकली. "माझ्या नवऱ्याच्या तोंडी तू तुझे शब्द घातलेस. तुला लाज कशी वाटली नाही रे?"

पोस्टमनची फेरी संपली होती. त्याने गळ्यातला माइक काढला आणि पडद्याच्या बाजूच्या दाराने तो निघून गेला. मदतनीस बाई कागदाचा गठ्ठा तिथेच टाकून मागोमाग गेली.

सगळेच शहाणे झाले असं नाही. काही जण "बाबांनी आपली परीक्षा घेतली" असं म्हणत घरी गेले. मालकाने समितीत सूचीताईविरुद्ध तक्रार केली. पोलिसांनी फसवणुकीची नोंद केली, पण पुढे यायला बरीच घरं कचरली. आपण फसलो हे कागदावर लिहून देणं कुणाला आवडतं? आईचा निरोप खोटा म्हटल्याबद्दल भांडलेली बाई आजही रस्त्यात दिसली की तोंड फिरवते.

वहिनी सोमवारी दवाखान्यात गेली. सर्जनबाई रागावल्या, मग त्यांनी त्याच आठवड्याची वेळ दिली. वाया गेलेल्या दिवसांत गाठ थोडी वाढली होती, पण हाताबाहेर गेली नव्हती. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर वहिनीने सूचीताईचा हात धरला आणि विचारलं, "त्याने माफ केलं असेल का गं?"

सूचीताईला "हो" म्हणणं फार सोपं होतं. समोरचा माणूस रडवेला होऊन विचारत असताना "हो" म्हणण्याचाच तर त्या भामट्याचा धंदा होता.

"मला माहीत नाही, वहिनी," ती म्हणाली. "कुणालाच कळायचा मार्ग नाही. पण दोघांना वाचवायला त्या वाफेत परत जाणारा माणूस सकाळच्या भांडणाचा डूख धरून बसला असेल, असं मला वाटत नाही. हे मी त्याला ओळखत होते म्हणून म्हणतेय. वरून निरोप आलाय म्हणून नव्हे."

वहिनी रडली, आणि रडता रडता झोपली.

पुढच्या महिन्यात सूचीताईने ग्रंथालयात दर रविवारी सकाळी गावकऱ्यांना ते साधन वापरायला शिकवणं सुरू केलं. पहिल्या रविवारी सातच जण आले, त्यात तिघं टॉकीजमध्ये तिच्यावर ओरडलेले होते. तिने त्यांना त्यांच्याच घरांच्या जुन्या बातम्या काढून दाखवल्या, आणि यंत्र कुठे चुकतं तेही. मग ती जे म्हणाली, तेच इथे सांगून ही गोष्ट संपवायला हवी.

"आपलं माणूस गेलं की कुणीतरी त्याच्याबद्दल बोलावं असं वाटतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तुमच्या घरातली गोष्ट परका माणूस सांगू लागला, की हात जोडायच्या आधी विचारा: तुला हे कुठून कळलं? संगणक वापरणारा असो की कपाळाला बोटं लावणारा, हा प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे उत्तर नसतं. आणि कुणी औषध सोड, ऑपरेशन टाळ असं सांगितलं, तर तो स्वर्गातून बोलत असला तरी ऐकू नका. आधी डॉक्टरकडे जा."